इंडक्शनची शेगडी : आधी वीजबिल पाहा, मग दुकानाची पायरी चढा

आपल्या मोहल्ल्यातील भांड्यांच्या आणि इलेक्ट्रिकच्या दुकानांत आता काळ्या काचेची चौकोनी शेगडी हमखास मांडलेली दिसते. ज्वाळा नाही, काजळी नाही, काडेपेटी नाही. बटण दाबले की पातेल्यातले पाणी खळखळू लागते. विक्रेता छातीठोकपणे सांगतो, "गॅसपेक्षा निम्म्या खर्चात स्वयंपाक होतो!" गॅसच्या भावाने बेजार झालेला गिऱ्हाईक ऐकतो आणि शेगडी घेऊन घरी येतो.

विक्रेत्याचे हे म्हणणे कितपत खरे आहे? महिन्याचे उत्पन्न ठरावीक असलेल्या कारागिराने आणि छोट्या दुकानदाराने गॅस सोडून इंडक्शनकडे वळावे काय? अशी विचारणा आमच्याकडे अनेकदा होते. या शेगडीची चूक आम्ही स्वतः करून बसलो आणि मग सुधारली. म्हणून प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतो आणि नंतर हिशेब मांडतो.

घरचा अनुभव

२०२४ च्या रमजानमध्ये पहिल्याच आठवड्यात ऐन सहेरीच्या वेळी आमच्याकडचा गॅस संपला. दुसरी टाकी रिकामीच होती. नंबर लावलेला होता, पण गाडी काही येईना. दोन दिवस शेजाऱ्यांच्या शेगडीवर भागवले. तिसऱ्या दिवशी इफ्तारनंतर बाजारात जाऊन २००० वॅटची इंडक्शन शेगडी घेऊन आलो. किंमत विचारली, हमीपत्र पाहिले आणि पैसे दिले. बाकी काहीच विचारले नाही.

पहिल्या रात्री घरात कौतुकच झाले. अम्मी म्हणाल्या, "आग दिसत नाही अन् दूध उतू जातं, हे कसलं नवल?" सहेरीच्या घाईत चहा चार मिनिटांत होऊ लागला. स्वयंपाकघरात पूर्वीइतके उकडेना. गाडी आली, टाकी मिळाली, तरी आम्ही ठरवले की आता सगळा स्वयंपाक यावरच करायचा.

पण अडचणी एकेक करून पुढे आल्या. घरातील निम्म्याहून अधिक भांडी शेगडीने ओळखलीच नाहीत. दहा-बारा दिवसांनी भिंतीवरच्या पिनेतून जळका वास आला. पाहतो तर प्लॅस्टिक पिवळे पडून वितळलेले. ईदनंतर महिन्याभराने वीजबिल हाती पडले तेव्हा तर डोळेच उघडले. आमचा वापर एरवी १६० युनिटांचा, तो २५० वर गेला होता आणि बिल सुमारे बाराशे रुपयांनी फुगले होते. गॅस त्या वेळी आठशेच्या आसपास होता आणि या महिन्यात आमची वाचलेली टाकी होती जेमतेम पाऊण. म्हणजे पाऊणे सहाशे रुपये वाचवण्यासाठी आम्ही बाराशे मोजले!

शेगडी खराब नव्हती. मीटरकडे न पाहता ती लावली, हा आमचा दोष होता.

एका टाकीबरोबर किती युनिट?

हा हिशेब सोपा आहे आणि प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावा. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. त्यातील उष्णता विजेच्या मापात मोजली तर ती सुमारे १८० युनिट भरते. परंतु ती सगळी काही पातेल्यात जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती गॅस-शेगडी चाचणीत किमान ६८ टक्के कार्यक्षम असावी लागते. घरी बर्नर मळलेला असतो, पातेले लहान आणि ज्वाळा बाहेर जाणारी असते. तेव्हा ६० टक्के धरणे योग्य. म्हणजे एका टाकीतून अन्नाला मिळते सुमारे १०८ युनिटांइतकी उष्णता.

इंडक्शनमध्ये ऐंशी ते पंचाऐंशी टक्के वीज भांड्याला लागते. म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला वीज लागेल सुमारे १३० युनिट. जाहिरातीत गॅसची कार्यक्षमता चाळीस टक्क्यांच्या आसपास सांगून मोठी बचत दाखवली जाते. तसे आकडे परदेशातील मोठ्या गॅस-शेगड्यांच्या चाचण्यांत निघतात. आपल्याकडची शेगडी त्याहून बरी असते.

आता टाकीच्या किमतीला १३० ने भागा. टाकी ८५० रुपयांना मिळत असेल तर उत्तर येते सुमारे साडेसहा रुपये. ९५० ला मिळत असेल तर सव्वासात आणि १००० ला असेल तर पावणेआठच्या जवळ. हा झाला बरोबरीचा भाव. वाढीव युनिट यापेक्षा स्वस्त पडत असेल तर इंडक्शनमध्ये फायदा आहे. महाग पडत असेल तर तोटा.

खरी मेख वीजदराच्या टप्प्यांत

येथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. लोक एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात आणि सरासरी भाव काढतात. पण शेगडीचे युनिट हे नेहमीच्या वापराच्या वर येतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो.

महावितरणच्या घरगुती दरपत्रकात टप्पे असतात : १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा ऊर्जा आकार युनिटला ४ रुपये ७१ पैसे होता. दुसऱ्या टप्प्याचा होता १० रुपये २९ पैसे. त्यावर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. बेरीज केली तर पहिल्या टप्प्यातील युनिट पावणेसात रुपयांच्या थोडे वर पडले आणि दुसऱ्या टप्प्यातील सव्वातेरा रुपयांच्या वर. तिसऱ्या टप्प्याची तर गोष्टच नको.

आमचा वापर आधीच १६० युनिटांचा होता. म्हणून शेगडीचे सर्वच्या सर्व ९० युनिट दुसऱ्या टप्प्यात पडले. ज्या घरात महिन्याला पन्नास-साठच युनिट लागतात, त्या घराला तीस-चाळीस युनिट गॅसच्या बरोबरीच्या भावात मिळतात. एकाच गल्लीत, एकाच दुकानातून घेतलेली शेगडी एका घरी परवडते आणि समोरच्या घरी तोट्यात जाते, याचे कारण हे.

एक गैरसमज मात्र दूर करतो. १०० च्या वर एक युनिट गेले की सगळेच युनिट महाग होतात, असे अनेकजण समजतात. तसे नाही. पहिले १०० युनिट पहिल्याच दराने लागतात, फक्त वरचे महाग पडतात.

दरपत्रक बदलत असते. मुंबई शहरात वीज देणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत आणि त्यांचे दरही वेगळे आहेत. म्हणून आमच्या आकड्यांवर विसंबू नका. आपल्या ताज्या बिलाच्या मागील बाजूस किंवा दरपत्रकात पाहा, आपला वापर कोणत्या टप्प्यात संपतो ते शोधा आणि त्या टप्प्याचा ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व वीज शुल्क मिळवून एका युनिटाचा भाव काढा. तो भाव आणि टाकीचा बरोबरीचा भाव शेजारी शेजारी लिहा. निर्णय कागदावरच दिसेल.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बांधवांनी आणखी एक पाहावे. घरमालक पोटमीटर लावून युनिटला ठरावीक रुपये घेत असेल, तर तुमच्यासाठी तोच भाव खरा. तो दहा रुपये असेल तर इंडक्शनवर रोजचा स्वयंपाक करण्यात शहाणपण नाही. उलट ज्यांच्या छपरावर सौरपट्ट्या आहेत आणि दुपारची वीज शिल्लक राहते, त्यांना इंडक्शन निश्चित लाभाचे आहे.

मग गॅसच बरा काय?

गॅसच्या भावाचाही भरवसा नाही. २०२२ च्या जुलैत घरगुती टाकी हजार रुपयांच्या पुढे गेली होती. २०२३ च्या ऑगस्टअखेर केंद्राने २०० रुपये आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपये कमी केले, तर एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपये वाढवले. देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून, मुख्यतः आखातातून येतो. तिकडे काही बिनसले की इकडच्या चुलीला झळ लागते. म्हणून केवळ गॅसवर विसंबून राहणेही धोक्याचे.

शिवाय पैशांत न मोजता येणाऱ्याही काही गोष्टी आहेत. आपल्या वस्त्यांत कितीतरी घरे एका खोलीची आहेत. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत जेथे झोपायचे तेथेच स्वयंपाक होतो, खिडकी असली तर एकच. गॅसच्या ज्वाळेतून नायट्रोजन डायऑक्साइड आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. बंद खोलीत तो श्वासाबरोबर आत जातो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो. इंडक्शनमधून यातले काही निघत नाही, उष्णताही खोलीत कमी पसरते. फोडणीचा धूर मात्र दोन्हीकडे सारखाच, म्हणून खिडकी उघडी ठेवणे कोणाला चुकत नाही.

आम्ही शेवटी मधला मार्ग धरला. गॅसची जोडणी परत केली नाही. चहा, दूध, अंघोळीच्या पाण्याचे आधण आणि कुकर इंडक्शनवर. भाकरी, फुलका, वांग्याचे भरीत, पापड, मोठी कढई आणि दमाची बिर्याणी गॅसवर. एक लिटर पाणी उकळायला सुमारे एक दशांश युनिट लागते, हे ध्यानात ठेवले की कोणते काम कोठे करायचे ते आपोआप समजते. उन्हाळ्यात पंख्या-कूलरमुळे बिल फुगते तेव्हा इंडक्शन कमी वापरतो, हिवाळ्यात जास्त. टाकी जास्त दिवस पुरते आणि ऐन वेळी संपली तरी सहेरी चुकत नाही.

कोणते भांडे चालेल?

काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून अतिशय जलद उलटसुलट होणारा वीजप्रवाह सोडला जातो. त्यामुळे भांड्याच्या तळातच प्रवाह निर्माण होतो आणि तळ स्वतः तापतो. काच तापते ती भांड्यामुळे. यासाठी तळात लोहचुंबकाला ओढणारा धातू हवा.

बाजारात जाताना खिशात लहानसे लोहचुंबक ठेवावे. तळाला घट्ट चिकटले तर भांडे घ्यावे. जर्मनची पातेली, तांबे, पितळ यांवर सर्वसाधारण इंडक्शन चालत नाही. स्टीलची सर्व भांडी चालतात हाही भ्रम आहे. काही स्टीलला चुंबक चिकटतच नाही. साधा जर्मनचा कुकर चालत नाही, तळाला लोखंडी गुणाची पट्टी बसवलेला चालतो. लोखंडी व बिडाचा तवा चालतो, पण तो सपाट हवा. खोलगट तव्याचा मध्यभागच तापतो आणि भाकरी कडेला कच्ची राहते. बिडाचे भांडे काचेवर ओढू नये, ओरखडे पडतात.

सगळी भांडी एकदम बदलायची म्हटली तर शेगडीपेक्षा भांड्यांवरच खर्च जास्त होतो. आम्ही एक कुकर, एक दुधाचे पातेले आणि एक चहाचे पातेले एवढेच घेतले. जुनी भांडी मोडीत काढली नाहीत.

पिनेची आणि तारेची काळजी

२००० वॅटची शेगडी साडेआठ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. पंखा-दिव्याच्या सहा अँपिअरच्या पॉइंटला जोड-पिन लावून ती चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. आमची पिन वितळली ती याचमुळे. आमचे वायरमन आले तेव्हा म्हणाले, "भाई, शेगडीला दोन हजार रुपये दिलेत, तारेला दोनशे द्यायला काय हरकत होती?" त्यांचे म्हणणे रास्त होते. मोठ्या पिनेचा वेगळा पॉवर पॉइंट, बोर्डापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग एवढे केल्याशिवाय शेगडी लावू नये. जुन्या चाळींतील तारा आधी तपासून घ्याव्यात. गीझर, इस्त्री आणि शेगडी एकाच वेळी चालवायची असेल तर मंजूर भार किती आहे हेही पाहावे.

घरात कोणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी चालू शेगडीपासून दोन फूट दूर राहावे आणि आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपल्या धंद्यांसाठी यात काय आहे?

व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर बदलत्या चुलीबरोबर कामेही बदलतात.

भांडीवाल्यांनी गल्ल्याजवळ लोहचुंबक टांगून ठेवावे आणि गिऱ्हाइकासमोर तळ तपासून द्यावा. न चालणारे भांडे 'इंडक्शनचे' म्हणून विकले तर एक विक्री होते आणि एक घर कायमचे तुटते. तळ जाड आणि सपाट आहे की नाही हेही दाखवावे. पातळ तळ थोड्या दिवसांत फुगतो आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतो.

तांब्या-पितळेच्या व्यवसायात आणि कल्हईच्या कामात आपले कितीतरी बांधव आहेत. मुरादाबादची पितळी भांडी आपल्या बाजारांत येतात, तीही बहुतांशी मुस्लिम कारागिरांच्या हातची. इंडक्शनमुळे घरातील तांब्याचे भांडे चुलीवरून उतरेल ही भीती खोटी नाही. पण शादीच्या आणि जेवणावळीच्या देगी गॅसवर व लाकडावरच चढणार, त्यांना कल्हई लागणारच. तांब्याच्या भांड्याच्या तळाला चुंबकी स्टीलची चकती बसवून ती इंडक्शनवर चालवण्याची सोय झालेली आहे. हे काम आपल्या कारागिरांनी जरूर अभ्यासावे. गिऱ्हाइकाला मात्र बजावून सांगावे की कथील २३२ अंशांना वितळते. इंडक्शन झपाट्याने तापते, रिकामे भांडे ठेवले तर कल्हई हां हां म्हणता जाईल.

तिसरा धंदा दुरुस्तीचा. या शेगड्या बिघडतात त्या बहुधा ठरावीक कारणांनी : विजेचा दाब एकदम वाढून आतला पॉवर ट्रान्झिस्टर जातो, फ्यूज उडतो, पंखा अडकतो, उष्णता मोजणारा सेन्सर बिघडतो किंवा उबेला आलेली झुरळे सर्किटवर बसून शॉर्ट होते. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती करणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. दहावीनंतर रिकाम्या फिरणाऱ्या मुलांना त्या वाटेला लावावे. एवढे मात्र शिकवावे की पिन काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते, ती उतरवल्याखेरीज हात घालू नये.

चहाची टपरी आणि छोटी खानावळ चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. घरगुती टाकी धंद्यात वापरणे कायद्याने गुन्हा आहे, आणि घरगुती मीटरवर धंद्याची शेगडी चालवली तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होऊ शकते. तुमचा हिशेब १९ किलोच्या टाकीवर आणि व्यापारी मीटरवर करा. १९ किलोची टाकी म्हणजे सुमारे १७५ युनिट. व्यापारी टाकीची किंमत या आकड्याने भागली की तुमचा बरोबरीचा भाव निघतो. व्यापारी टाकी घरगुतीपेक्षा महाग असल्याने काही दुकानांचे गणित घरापेक्षा वेगळे निघू शकते.

शेवटी

नवी वस्तू वाईट नाही आणि नवी आहे म्हणून स्वस्तही नाही. आपण दुकानात माल भरताना पैशा-पैशाचा हिशेब करतो, गिऱ्हाइकाशी रुपयासाठी घासाघीस करतो. मग स्वतःच्या घरची चूल बदलताना हिशेबाची वही का बाजूला ठेवावी? आज रात्री जेवणानंतर वीजबिल आणि गॅसची पावती घेऊन बसा. घरातील स्त्रियांनाही सोबत घ्या, कारण कोणते भांडे रोज चुलीवर चढते हे त्यांनाच ठाऊक असते. १३० चा भागाकार करा, टप्पा पाहा, पिन तपासा. पहिला टप्पा शिल्लक असेल तर खुशाल शेगडी आणा. नसेल तर अडीअडचणीसाठी एक ठेवा आणि गॅसचा बर्नर स्वच्छ करून घ्या. त्याला खर्च काही नाही, आणि बचत मात्र त्याच दिवसापासून सुरू होते.